पांढऱ्या वाळूवरचा ओला डाग

वाळवंटात माणसं फिरवून आणणं हा माझा व्यवसाय, आणि राहतो मी लंडनजवळच्या हॅरोला. इथे छत्री विसरली म्हणून माणसं स्टेशनवरून घरी परत जातात. अशा गावात बसून, वेळेवर पाणी न प्यायल्याने माणूस मरू शकतो हे लोकांना पटवायचं, हे माझं निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे काळजी करणं. ती मला कोणाकडून शिकावी लागली नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी आणि माझी बायको मृदुला, दोघांनी मिळून घराच्या पुढच्या खोलीत ही छोटी कंपनी काढली. इंग्लंडातल्या मराठी माणसांचे लहान लहान गट करायचे आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातली वाळवंटी उद्यानं दाखवायची. लाल दगडांच्या कमानी, माणसाच्या कितीतरी पट उंच निवडुंगांची रानं, मिठाची मैदानं. त्याआधी मी एका शाळेच्या लायब्ररीत होतो. वाळवंटं मी पहिल्यांदा पाहिली ती तिथल्या पुस्तकांत, बाहेर पाऊस पडत असताना. लोक विचारायचे, वाळवंटच का? मृदुला सांगायची, "ह्याला गर्दी सोसत नाही आणि तिथे दुकानं नाहीत." दोन्ही खरं होतं.

आमच्या कामाची वाटणी ठरलेली होती. गटाबरोबर मी जायचो. फोन, विमानं, हॉटेलं हे सगळं मृदुला घरून बघायची. तारखा मात्र आम्ही दोघं मिळून ठरवायचो. मी तिथल्या तापमानाचे आकडे घेऊन बसायचो आणि ती भिंतीवरचं मराठी कॅलेंडर काढून टेबलावर पसरायची. एकादशी असेल त्या दिवशी चढण नको. संकष्टी असेल तर जेवणाची वेळ चंद्रोदयानंतरची हवी. नवरात्रात टूर काढूच नकोस, निम्मी माणसं उपाशी असतील आणि सांगणार नाहीत. "तू ऊन बघ," ती म्हणायची, "तिथ्या मी बघते."

बाहेरच्या माणसाला ही गंमत वाटेल. पण उन्हात चालताना रिकाम्या पोटी माणूस कधी कोसळेल ते सांगता येत नाही, आणि आपली माणसं उपास आहे हे सांगायला लाजतात. 'माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको' असं म्हणतात आणि मग सगळ्यांचा खोळंबा होतो.

दोन हिवाळ्यांपूर्वी मृदुला गेली. आजार थोड्या दिवसांचा होता. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

पुढचा उन्हाळा आला तेव्हा मी धंदा बंद करायच्या विचारात होतो. तेवढ्यात मिल्टन कीन्सहून डॉक्टर करंदीकरांचा फोन आला. डॉक्टर भूलतज्ज्ञ, इथल्या हॉस्पिटलांत आयुष्य काढून निवृत्त झालेले. पूर्वी दोनदा ते आणि सुमनवहिनी आमच्याबरोबर येऊन गेले होते.

"श्रीधर, ती पांढरी वाळू राहिलीये आमची," ते म्हणाले. "चंद्रप्रकाशात बघायची आहे. जुलैत माझ्या हृदयाची झडप बदलतायत. त्याआधी ने बाबा."

"डॉक्टर, तुमची झडप आणि तिथला उन्हाळा..."

"माझ्या सर्जनला विचारलंय. हळू चालायचं, टेकडी चढायची नाही. तो म्हणाला, जा. तू कोण नाही म्हणणारा?"

मी हो म्हटलं. जूनमधली पौर्णिमा शोधली, आकडे पाहिले, संध्याकाळची वेळ ठरवली. आणखी काही जुनी मंडळी जमली आणि डझनभर माणसांचा गट झाला. सगळं नीट पाहिलं, असं मला वाटलं.

निघायच्या आधी एका रविवारी मी गटाला हॅरोच्या टेकडीवर बोलावतो. ही आमची जुनी पद्धत. प्रत्येकाने भरलेली बाटली आणायची. मी शिट्टी वाजवली की थांबायचं, बाटली तोंडाला लावायची आणि घोट घ्यायचा. तहान असो नसो. वाळवंटात तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो, आणि ही सवय अंगात मुरावी लागते. अर्थात टेकडीवर हटकून पाऊस भुरभुरत असतो. रेनकोट घातलेली मराठी माणसं शिट्टीसरशी पाणी पिताना बघून इंग्रज म्हातारे थबकतात. शिवाय दर शिट्टीला कोणाचा तरी कुत्रा धावत येतो. त्या दिवशी सगळ्यांत शिस्तीत पाणी प्यायल्या त्या सुमनवहिनी. डॉक्टरच टाळाटाळ करत होते.

"अहो, प्या ना. भावजी बघतायत."

"अगं, ह्या वयात एवढं पाणी प्यायलं की मला झाड शोधावं लागतं. तिथे झाड कुठून आणू?"

तेव्हाच मी मनाशी ठरवलं की ह्या टूरमध्ये नजर ठेवायची ती डॉक्टरांवर.

न्यू मेक्सिकोतली ती वाळू खरं तर जिप्समची आहे. ज्या प्लास्टरच्या आपण गणपतीच्या मूर्ती करतो, त्याचाच कच्चा माल. नजर पोचेल तिथपर्यंत पांढऱ्याशुभ्र टेकड्या. शेजारी लष्कराचं क्षेपणास्त्रांचं मैदान आहे, चाचणी असली की उद्यान काही तास बंद ठेवतात. इतकी फसवी जागा मी दुसरी पाहिली नाही. ही वाळू साध्या वाळूसारखी तापत नाही. माणसं बूट काढून गार वाळूत पाय रोवतात आणि ऊन विसरतात. ऊन मात्र वरून पडतं आणि खालून परत उसळतं. हनुवटीची खालची बाजूसुद्धा भाजते. आत पाण्याचा नळ नाही, सावली नाही, फोनला रेंज नाही. वाट म्हणजे ठरावीक अंतरावर रोवलेले खांब. वाऱ्याने पावलं पुसली जातात, खांब तेवढे राहतात. नियम एकच: पुढचा खांब दिसत नसेल तर आहात तिथून मागे फिरायचं. एकदा ब्रॅकनेलच्या एका आयटीवाल्याने हा नियम मोडला. "काका, ऑफलाइन मॅप आहे, डोन्ट वरी," म्हणाला आणि टेकडीआड गेला. सापडला तेव्हा फोन डोक्यावर धरून बसला होता, रडवेला. वर मलाच म्हणाला, "मॅपप्रमाणे मी बरोबर होतो."

आम्ही चालायला सुरुवात केली तेव्हा उन्हं कलली होती, पण हवा भट्टीसारखी होती. पुढे मी, माझ्यामागे डॉक्टर छत्री घेऊन, मग वहिनी, मग बाकीचे, आणि शेवटी केतकी. केतकीही ब्रॅकनेलचीच, नोकरीनिमित्त नवऱ्याबरोबर पुण्याहून आलेली, पायाने चपळ. तिला मी शेपटाला ठेवलं होतं.

मी शिट्टी वाजवायचो, वळायचो आणि पहिल्यांदा डॉक्टरांकडे बघायचो. ते मला दाखवून, चेहरा वाकडा करून पाणी प्यायचे. त्यांच्या मागे वहिनींची बाटली तोंडाला लागलेली दिसायची. मग मी डॉक्टरांचे ओठ बघायचो, श्वास बघायचो.

"काय बघतोस रे सारखा?" ते एकदा म्हणाले. "मी आयुष्यभर लोकांकडे असंच बघत बसलो. समोरच्याला कसं वाटतं ते आज कळलं."

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "आमच्याकडे दर दोन मिनिटांनी राउंडअबाउट असतो. इथे परत वळायची सोय कुठे?"

"आहे तिथे वळायचं, डॉक्टर. अख्खं वाळवंट राउंडअबाउटच आहे."

वहिनी हसल्या नाहीत. एरवी त्या हसल्या असत्या.

एका खांबापाशी माणसं मोजायला मी मागे गेलो. ती माझी सवयच आहे, चैन पडत नाही. परत येताना मला वाळूवर एक डाग दिसला. ताटाएवढा, करडा, ओला. आधी मला डॉक्टरांचं झाडाचं बोलणं आठवलं आणि मी नजर वळवली. पण पुढच्या थांब्याच्या जागी तसाच दुसरा डाग होता. कडेने तो वाळत चालला होता. पांढऱ्या वाळूवर ओल लपत नाही. कोणीतरी दर शिट्टीला पाणी ओतून टाकत होतं.

मी मान वर केली. वहिनी पुढे उभ्या होत्या, बाटलीचं झाकण लावत. इतक्या उन्हात त्यांच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता.

"वहिनी, बाटली बघू."

त्यांनी दिली. जवळजवळ रिकामी होती. "प्यायले ना," त्या म्हणाल्या. जीभ जड झाली होती. मग त्यांनी केतकीला हाक मारली ती "मृदुला" म्हणून.

डॉक्टरांनी छत्री माझ्या हातात कोंबली आणि वहिनींचं मनगट धरलं. चेहऱ्यावरची सगळी मस्करी पुसली गेली. "नाडी पळतेय. खाली बसव तिला. सावलीत."

टेकडीच्या पूर्वेच्या उतारावर नुकती सावली उतरू लागली होती. तिथे आम्ही त्यांना बसवलं. मी माझी बाटली पुढे केली. त्यांनी ओठ घट्ट मिटून मान हलवली.

"का पण?" डॉक्टर ओरडले. "काय झालंय तुला?"

उत्तर केतकीने दिलं, चाचरत. "काका... आज वटपौर्णिमा आहे ना? सकाळी आईचा मेसेज आला होता. मी तर ब्रेकफास्टला पॅनकेक खाल्ले."

पौर्णिमा मी शोधली होती. चंद्र किती वाजता उगवणार, वाळूवर कुठून दिसणार, सगळं मला माहीत होतं. तो चंद्र कोणत्या महिन्याचा, हे बघणारं आमच्या घरात आता कोणी नव्हतं.

गाडीतळ बराच मागे राहिला होता. मी केतकीला आणि तिच्या नवऱ्याला उद्यानाच्या रेंजरला आणायला पाठवलं. "धावायचं नाही. खांब सोडायचे नाहीत. दोघांनी एकमेकांना सोडायचं नाही." ती दोघं टेकडीआड गेली आणि माझी काळजी दोन ठिकाणी विभागली गेली. बाकीच्यांना थोडं पलीकडे सावलीत बसवलं, पाणी प्यायला लावलं. डॉक्टरांनी रुमाल भिजवून वहिनींच्या मानेवर ठेवला. माझ्याकडची छत्री परत घेऊन, ती त्यांच्यावर धरून ते स्वतः उन्हात उभे होते, आणि त्यांना जुलैत झडप बदलायची होती.

"सुमन, दोन घोट घे."

"उद्या सकाळी."

"उद्या सकाळपर्यंत काय होईल ते मला माहितीये! मी डॉक्टर आहे."

"असाल. तुमच्यासाठीच चाललंय हे."

"माझी झडप सर्जन बघेल."

"तो बघेल. मीही बघीन."

डॉक्टरांनी घड्याळात पाहिलं. मग त्यांना काहीतरी सुचलं. "अगं, नाशकात उजाडलं एव्हाना. तुझ्या ताईने चहा घेऊन उपास सोडलासुद्धा!"

"मी नाशकात नाहीये," वहिनी म्हणाल्या.

मी त्यांच्यासमोर वाळूत बसलो. ह्या धंद्यात हट्टी माणसांशी बोलायच्या काही युक्त्या मी शिकलो आहे. त्यातली एकही आठवेना. जे तोंडात आलं ते बोललो.

"मृदुला पण करायची, वहिनी. दरवर्षी. निर्जळी."

"माहितीये मला. आम्ही बोलायचो फोनवर." त्यांचे डोळे माझ्यावर स्थिर झाले. "मग? तुम्हाला झालं का काही?"

"नाही. मला काही झालं नाही. मी ठणठणीत आहे."

वारा नव्हता. पलीकडे कोणीतरी बाटलीचं झाकण फिरवत होतं, तेवढाच आवाज.

"तिचा उपास लागू पडला," मी म्हटलं. "मी राहिलो. ती गेली. घरी गेल्यावर दार मीच उघडतो, दिवा मीच लावतो. तिने हे मागितलं असेल असं मला वाटत नाही."

इतकं मी कोणापाशी बोललो नव्हतो.

वहिनींनी मान वर करून डॉक्टरांकडे पाहिलं. छत्री त्यांनी अजून वहिनींवरच धरली होती. हॅटच्या खाली चेहरा लालबुंद झाला होता.

"ह्यांना साधा चहा करता येत नाही," त्या म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या ते कळलं नाही. मग त्यांनी हात पुढे केला.

पहिला घोट त्यांना गिळता आला नाही. दुसरा गेला. डॉक्टर वाळूत गुडघे टेकून बसले आणि साखर-मीठ घातलेलं पाणी चमच्याने औषध द्यावं तसं झाकणाने देत राहिले. "हळू. घाई नाही. अजून एक." हा त्यांचा हॉस्पिटलातला आवाज असावा; मी तो पहिल्यांदाच ऐकत होतो. बऱ्याच वेळाने वहिनींच्या कपाळावर घाम फुटला. घाम बघून मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

केतकी आणि तिचा नवरा रेंजर बाईंना घेऊन आले. उन्हाने रापलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी वहिनींना तपासलं, चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, थोडा वेळ बसू दे, मग आपण सगळे बरोबर चालू. तोवर सूर्य मावळला होता. पूर्वेच्या डोंगरामागून चंद्र वर आला आणि टेकड्या निळसर दिसू लागल्या. त्यासाठीच आम्ही एवढ्या लांब आलो होतो. कोणी फोटो काढला नाही.

वहिनींनी पर्समधून सुताची गुंडी काढली. "तेवढं एक राहिलं," त्या म्हणाल्या.

"उठायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "अजिबात नाही. आण इकडे तो दोरा."

"तुम्ही काय करणार?"

"इथे वड नाही. तू बसली आहेस, तूच वड. मी फिरतो."

"बायका करतात हो ते!"

"मग यमाला सांग, हा माणूस अडाणी आहे."

आणि डॉक्टर करंदीकर छत्री मिटून, सूत सोडत, वहिनींभोवती सावकाश फिरू लागले. मी त्यांच्या श्वासाकडे कान लावून उभा. "किती झाले?" ते विचारत. "मोजू नका, चाला," वहिनी सांगत. केतकी एकदम हसली आणि मग डोळे पुसू लागली. रेंजर बाईंनी मला हळूच विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं. त्या सुताकडे बघत म्हणाल्या, "जाताना दोरा बरोबर न्या हं."

हॅरोच्या आमच्या जेवणाच्या खोलीत एक कुंडीतला फायकस आहे, गार्डन सेंटरमधून आणलेला. आमचा वड तोच. मृदुला सूत घेऊन त्याच्याभोवती फिरायची. जागा अडचणीची, दोरा खुर्चीत अडकायचा. मी तिथेच वाचत बसलेलो असायचो. ती आली की मी पुस्तकातली नजर न काढता पाय वर घ्यायचो, ती गेली की खाली ठेवायचो. चंद्राखाली डॉक्टरांना फिरताना बघत होतो तेव्हा मला माझे ते वर घेतलेले पाय आठवत होते.

आम्ही सगळे परत आलो. रात्री जेवणाच्या टेबलावर डॉक्टरांनी ताट बाजूला सारलं. "मला नको. भूक नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पाणी पितोय. ओरडू नकोस."

धंदा मी बंद केला नाही. भिंतीवर नवीन कॅलेंडर लावलं आहे. ऊनही मीच बघतो आणि तिथ्याही. तिथ्या दोन-दोनदा बघतो, कारण मला त्यातलं फारसं कळत नाही. फायकसला पाणी घालतो.

जुलैत डॉक्टरांचं ऑपरेशन झालं. त्या दिवशी मी कामाला बसलो होतो, पण काम काही केलं नाही. वहिनी म्हणाल्या होत्या, झालं की फोन करते. सकाळी किटली लावली आणि चहा करायचा विसरलो. फोन टेबलावर ठेवला, मग खिशात ठेवला, मग हातात. बाहेर पाऊस होता. मी खिडकीशी उभा राहून समोरच्या रस्त्यावरून येणारी-जाणारी माणसं मोजत राहिलो.

संध्याकाळी फोन वाजला.

"भावजी, झालं. बरे आहेत. शुद्धीवर आल्या आल्या भूल देणाऱ्या मुलीच्या चुका काढतायत."

मी खुर्चीवर बसलो. बोलायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. घसा कोरडा पडला होता, जीभ टाळूला चिकटली होती.

वहिनींनी विचारलं, "तुम्ही पाणी प्यायलात का आज?"

मी आठवून पाहिलं. किटलीतलं सकाळचं पाणी तसंच होतं, गार झालेलं.

"नाही," मी म्हटलं.

"मग उठा. पेला भरा," त्या म्हणाल्या. "मी फोन धरते. ऐकू आलं पाहिजे."